जुनी लष्करी काडतुसं कशी पारखावीत, आणि झाडल्यावर रायफल कशी धुवावी

परवाना, रेंजची परवानगी, कानांचं आणि डोळ्यांचं संरक्षण हे सगळं आहेच असं धरून चालतो.

तळ वाचा

पुंगळीच्या (काडतुसाच्या धातूच्या नळकांड्याच्या) तळावर कारखान्याची खूण आणि साल असतं. सोव्हिएत काडतुसांवर १८८ म्हणजे नोवोसिबिर्स्क, १७ म्हणजे बर्नाऊल. वर्तुळात क्रॉस दिसला तर ते नाटोच्या मानकाचं. मग रायफलच्या मापाशी पडताळा, आणि नुसत्या नावावर जाऊ नका: ८ मिलिमीटर माउझरची जुनी गोळी ०.३१८ इंचाची, नंतरची ०.३२३ इंचाची. जाड गोळी अरुंद नळीत गेली तर दाब धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतो.

निवडून बाद करा

काळवंडलेलं पितळ चालतं. चकाकीवरून दर्जा ठरवणाऱ्यांचं ऐकू नका. बिघाड बहुधा मानेत, म्हणजे पुंगळीच्या गोळी धरणाऱ्या टोकात असतो. एकेक काडतूस उजेडात फिरवून बघा. मानेवर केसासारखी उभी चीर, हिरवे खोल खड्डे, बोटांनी हलणारी गोळी, यातलं काहीही दिसलं की ते बाजूला. ब्रिटिश फौजेची भारतात तबेल्यांजवळ साठवलेली काडतुसं पावसाळ्यात अशीच चिरायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पितळात उरलेला ताण यांची ही करामत, हे १९२१ मध्ये स्पष्ट झालं. म्हणून साठवणुकीच्या जागी अमोनियाचा कोणताही क्लीनर नको. डबा उघडताच आंबट, झोंबणारा वास आला, तर आतली दारू सडतेय असं समजा आणि अख्खा डबा सोडून द्या.

गोळीला चुंबक चिकटला म्हणजे तिचा आतला गाभा पोलादीच, असंही नाही. बऱ्याच सोव्हिएत गोळ्यांचं कवचच तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाचं असतं. पण रेंजवर चुंबकाला चिकटणारी गोळी चालते का, ते आधी विचारा.

पहिल्या फैरी

एकेक काडतूस भरा. घोडा ओढल्यावर नुसती ‘टिक’ झाली, तर नळी लक्ष्याकडेच ठेवून निदान तीस सेकंद थांबा. जुन्या प्रायमरचा (तळातल्या, दारू पेटवणाऱ्या टोपीचा) बार उशिरा उडू शकतो. आवाज दबका आला तर पुढचं काडतूस भरायचंच नाही, आधीची गोळी नळीत अडकलेली असू शकते. रायफल रिकामी करून नळी आरपार बघा. एकाच लॉटमध्ये (एकत्र बनलेल्या काडतुसांच्या खेपेत) दोन-तीन उशिरा उडाली, तर तो लॉट माझ्यासाठी संपला. स्वस्त आहे म्हणून तो संपवत बसणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त शेजारच्या जागेवरून उठतो.

कामगिरी मोजा

लॉट मिसळू नका. दहा गोळ्या क्रोनोग्राफवरून (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावरून) झाडा आणि सर्वांत वेगवान व सर्वांत मंद गोळीतला फरक बघा; तो जितका कमी तितकं बरं. १०० मीटरवर आठ-दहा सेंटिमीटरचा, छिद्रांचा गट पडला तर साध्या लष्करी गोळीसाठी तो चांगला. त्याहून जास्त मागायचं असेल तर मॅच दर्जाची (नेमबाजीच्या स्पर्धांसाठी बनवलेली) काडतुसं घ्या.

आता धुणं

माझं सर्वांत जास्त डोकं या टप्प्यानं खाल्लं, आणि चुकीचे सल्लेही इथेच सर्वांत जास्त मिळतात.

जुन्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार उडाला की त्याचं पोटॅशियम क्लोराइड होतं, म्हणजे एक प्रकारचं मीठच. दमट हवेत मिठाला पाणी सुटतं तसंच याचं होतं, आणि त्या ओलाव्यात पोलाद गंजतं. हे मीठ तेलात विरघळत नाही, नेहमीच्या बोअर सॉल्व्हंटवरही (नळी साफ करायच्या द्रवावरही) भरवसा ठेवू नका. अमोनिया त्याला ‘मारतो’ हेही खोटं. काच पुसायच्या फवाऱ्यानं फरक पडतो तो त्यातल्या पाण्यामुळे. पाणीच लागतं, आणि ते भरपूर.

विक्रेत्याच्या ‘गंज न आणणारी’ या शब्दावर विसंबू नका. अमेरिकी .३०-०६ या रायफलच्या मापाची बहुतेक लष्करी काडतुसं १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत गंज आणणारीच होती; .३० कार्बाइन (आखूड रायफलचं काडतूस) मात्र सुरुवातीपासून गंज न आणणारं. सोव्हिएत माल तर सरसकट गंजवणारा धरा.

त्याच दिवशी, घरी पोचल्या पोचल्या, बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता भाग) काढा. चेंबरच्या (काडतूस बसतं त्या) बाजूनं, नरसाळ्याला रबरी नळी लावून, रायफलच्या नळीत उकळतं पाणी ओता. लाकडात शिरू देऊ नका आणि रायफलची नळी कापडानं धरा, हात भाजतो. पाणी उकळतं असलं की नळी तापते आणि पुष्कळशी आपली आपण सुकते. बोल्टचं तोंड आणि प्रायमरवर आदळणाऱ्या पिनचं टोकही धुवा. सेमी-ऑटोमॅटिक (पुढचं काडतूस आपोआप भरणारी) असेल तर पिस्टन आणि गॅस ट्यूब, म्हणजे बारातल्या वायूवर चालणारे भाग, चुकवू नका. नळीला आतून क्रोम असलं तरी या भागांना त्याचा उपयोग नाही. मग कोरड्या चिंध्या, त्यानंतर काजळी आणि तांब्यासाठी नेहमीचं सॉल्व्हंट, शेवटी तेलाचा पातळ हात.

दुसऱ्या दिवशी पांढरी चिंधी फिरवा. तपकिरी छटा आली तर पुन्हा पाण्यापासून सुरुवात, तेलापासून नव्हे.