हवामान केंद्रांची देखभाल: फडकं काढण्याआधी वही काढा

स्वयंचलित हवामान केंद्र बंद पडलं तर मला फारशी काळजी वाटत नाही. आकडे यायचे थांबतात, कुणाच्या तरी लक्षात येतं, दुरुस्ती होते. मला धास्ती असते ती चालू असून चुकीचं सांगणाऱ्या केंद्राची. पर्जन्यमापकाचं नरसाळं पानांनी पूर्ण तुंबलं की तो शून्य पाऊस दाखवतो आणि शून्य कुणाला खटकत नाही. अर्धवट तुंबलं असेल तर पाऊस थांबल्यावरही कितीतरी वेळ थेंबथेंब नोंद होत राहते. ती रिमझिम खरी नसते.

म्हणून केंद्रावर पोचल्यावर आधी कशालाही हात लावू नका. लॉगरवरचे (सेन्सरचे आकडे साठवणाऱ्या यंत्रावरचे) चालू आकडे, बॅटरीचा व्होल्टेज आणि लॉगरचं घड्याळ किती पुढेमागे आहे, हे वहीत उतरवा. चारही दिशांचे फोटो काढा. तपासलेला थर्मामीटर सोबत नेला असेल तर तो सेन्सरशेजारी सावलीत, हवेशीर ठेवून दोन्ही आकडे टिपा. मग साफसफाई करा आणि पुन्हा तेच आकडे घ्या. दोन्हींतला फरक ही त्या फेरीची खरी कमाई आहे, कारण मागचा डेटा किती बिघडलाय हे त्यावरूनच कळतं. आधी पुसून टाकलं की तो पुरावा गेला, तो परत मिळत नाही.

सगळ्यात जास्त वेळ पर्जन्यमापकाला द्या. नरसाळ्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर असेल, तर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे २० मिलिलिटर पाणी. नरसाळ्याखालची छोटी दोन कप्प्यांची बादली भरली की कलंडते आणि प्रत्येक कलंडणं मोजलं जातं. ती ०.२ मिलिमीटरला कलंडणारी असेल तर दर ४ मिलिलिटरला कलंडायला हवी. म्हणजे ५०० मिलिलिटर पाण्यात १२५ वेळा. तुमच्या उपकरणाचं माप वेगळं असेल तर हाच हिशेब त्या मापाने करा. आधी लॉगरमध्ये चाचणीची खूण लावा, नाहीतर तुमचं पाणी पाऊस म्हणून नोंदलं जाईल. मग स्पिरिट लेव्हलने मापक समपातळीत आहे का बघा. बारीक छिद्राच्या बाटलीतून पाणी तासाभरात उतरेल इतकं हळू सोडा. घाईने ओतलं तर बादली कलंडत असतानाही भरलेल्या कप्प्यात पाणी पडत राहतं आणि मोजणी कमी येते. चांगला मापकसुद्धा मग नापास होतो.

मोजणीतला फरक पाच टक्क्यांच्या आत असेल तर सोडून द्या. नसेल तर आधी गाळ, कोळ्याची जाळी आणि पातळी तपासा. कॅलिब्रेशनचा, म्हणजे माप जुळवण्याचा स्क्रू अगदी शेवटी फिरवा आणि फिरवलात तर तारीख व आधीची मोजणी लिहा. बादलीच्या आतल्या बाजूला बोट लावू नका. बोटाच्या तेलकटपणाने पाणी नीट निथळत नाही.

तापमापकाला उन्हापासून आडोसा देणाऱ्या पांढऱ्या तबकड्या मळल्या की वारा पडलेल्या उन्हाच्या दुपारी तापमान चढं येतं, त्यामुळे त्या नियमित धुवा. आर्द्रतेचा सेन्सर रात्रभर दाट धुकं असूनही शंभर टक्क्यांच्या जवळ पोचत नसेल तर त्याचं माप सरकलंय असं समजा. बंद डब्यात मिठाच्या संपृक्त द्रावणावर धरलात, तर २५ अंशांना तो ७५ टक्क्यांच्या आसपास दाखवायला हवा. वाऱ्याचा दिशादर्शक खऱ्या उत्तरेला लावा, होकायंत्राच्या नव्हे. वाऱ्याच्या वेगमापकाचं बेअरिंग झिजलं की आधी मंद वारा नोंदीतून गायब होतो. जोराच्या वाऱ्यात तो ठीकच वाटतो, म्हणून महिन्यातले शून्य वाऱ्याचे तास गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहा. आणि बॅटरीचा व्होल्टेज दुपारी पाहून समाधान मानू नका. सौर पॅनलवर ऊन असताना तो चांगलाच दिसतो. खरी स्थिती पहाटेच्या आकड्यात दिसते.

केंद्रं बरीच असतील तर सगळीकडे सारख्या फेऱ्या मारण्यात अर्थ नाही. आधी कुठे जायचं हे टेबलावर ठरवा. एका अक्षावर शेजारच्या केंद्रांच्या सरासरी पावसाची वाढत जाणारी बेरीज, दुसऱ्यावर या केंद्राच्या पावसाची तशीच बेरीज, असा आलेख चढवत न्या. रेषा सरळ जायला हवी. एकदम वाकली तर त्या तारखेची वही उघडा, बहुधा कुणीतरी काही बदललेलं असतं. हळूहळू वाकत असेल तर जुने फोटो नवीन फोटोंशेजारी ठेवा. एखादं झाड वाढलेलं सापडेल. अडथळा मापकाच्या काठापेक्षा जितका उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतर हवं. वाऱ्याच्या खांबासाठी अडथळ्याच्या उंचीच्या दहापट.

सेन्सर बदलायची वेळ आली तर सगळ्या केंद्रांवर एकाच आठवड्यात बदलू नका, नाहीतर बदल हवेतला की उपकरणातला हे सांगता येणार नाही. शक्य तिथे जुना आणि नवा काही आठवडे शेजारी चालवा आणि दोन्हींचे अनुक्रमांक नोंदवा.

निघताना चाचणीची खूण काढली का ते पुन्हा बघा, फोन करून पुढचा संदेश सर्व्हरवर पोचल्याची खात्री करा आणि मगच कुंपणाला कुलूप लावा.