सिलिकॉन व्हॅलीत परवडणारी घरं मंजूर करून घ्यायची तर

पहिली गफलत दार निवडण्यात होते. भाव कॅलिफोर्नियातल्या अख्ख्या सांता क्लारा काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) चढलेत, म्हणून लोक काउंटीच्या बोर्ड ऑफ सुपरवायझर्सकडे धाव घेतात. पण सनीव्हेल, क्युपर्टिनो, पालो आल्टो यांच्या हद्दीत कुठे काय आणि किती मजल्यांचं बांधायचं, हे त्या त्या शहराचं सिटी कौन्सिल ठरवतं. झोनिंगचा काउंटीचा अधिकार शहरांबाहेरच्या जमिनीपुरता. काउंटीकडे असतो तो पैसा: २०१६ मध्ये ‘मेजर ए’ या मतपत्रिकेवरच्या प्रस्तावातून मतदारांनी घरांसाठी ९५ कोटी डॉलरचे रोखे मंजूर केले. निधी हवा तर काउंटी, जागा आणि उंची हवी तर शहर.

दुसरं, ‘परवडणारं’ म्हणजे कोणाला, हे आकड्यात सांगता यायला हवं. हिशेब काउंटीच्या मीडियन उत्पन्नावरून होतो, म्हणजे निम्मी कुटुंबं ज्याच्या खाली आणि निम्मी वर असतात तो आकडा. २०२४ मध्ये चौघांच्या कुटुंबासाठी ते १,८४,३०० डॉलर होतं. त्याच्या निम्म्यापर्यंतचा गट अतिअल्प उत्पन्नाचा, म्हणजे वर्षाला ९२,१५० डॉलर मिळवणारं कुटुंबही त्यातच. ८० टक्क्यांपर्यंत अल्प, १२० टक्क्यांपर्यंत मध्यम. सभेत हे सांगितलं की ‘गरिबांची वस्ती येणार’ ही कुजबुज बरीच थंडावते, कारण ऐकणाऱ्यांना आपल्या मुलांच्या शाळेतले शिक्षक त्या आकड्यांत दिसू लागतात.

आता शहराचा ‘हाउसिंग एलिमेंट’, म्हणजे घरांचा अधिकृत आराखडा, उतरवून घ्या. राज्याच्या नियमांप्रमाणे दर आठ वर्षांनी प्रत्येक शहराला घरांचं उद्दिष्ट मिळतं, उत्पन्नगटांप्रमाणे वाटून. २०२३ ते २०३१ साठी क्युपर्टिनोला ४,५८८ घरं आली, सनीव्हेलला ११,९६६. ती कुठे बसवणार याची जागांची यादी या दस्तऐवजात असते, आणि खरा माल तिथेच आहे. यादी घेऊन चक्क फिरा. व्यवस्थित चाललेलं किराणा दुकान, नुकतंच नव्याने बांधलेलं ऑफिस अशा जागांवर घरं दाखवली असतील, तर मालकाला विकायचं आहे याचा पुरावा शहराकडे लेखी मागा. उत्तर गुळमुळीत आलं तर तेच पत्र राज्याच्या गृहनिर्माण खात्याला पाठवा.

मग प्रकल्प निवडा, आणि इथे घाई नको. झोनिंग बदलावं लागणाऱ्या प्रकल्पाला कौन्सिलने हो म्हटलं, तरी विरोधकांना ३० दिवसांत १० टक्के मतदारांच्या सह्या गोळा करून सार्वमत मागता येतं. पालो आल्टोत मेबेल अव्हेन्यूवरच्या जागेवर ज्येष्ठांसाठी ६० परवडणारी घरं मंजूर झाली होती. २०१३ च्या मतदानात तो निर्णय उलटला. क्युपर्टिनोतल्या वॅल्को मॉलची गोष्ट याच्या उलट. २०१८ मध्ये तिथे दोन वाटा समांतर चालल्या. शहराचा खास आराखडा सह्यांच्या मोहिमेनंतर मागे घ्यावा लागला, पण एसबी ३५ या राज्याच्या कायद्याखाली (नियमांत बसणाऱ्या प्रकल्पाला कौन्सिलच्या मतदानाशिवाय मंजुरी देणारा) मागितलेली २,४०२ घरांची (त्यांतली निम्मी परवडणारी) मंजुरी कोर्टातही टिकली. म्हणून आधी विचारा, हा प्रकल्प झोनिंग न बदलता बसतो का? एसबी ३५ चा पुढचा अवतार, एसबी ४२३, २०३६ पर्यंत लागू आहे. मंजुरी टिकली म्हणजे इमारत उभी राहिली असं मात्र नाही. कर्ज आणि बांधकामाचा खर्च हा वेगळा घोळ.

कौन्सिलच्या नियमित बैठकीचा अजेंडा किमान ७२ तास आधी लावणं बंधनकारक आहे. तो आला की स्टाफ रिपोर्ट (प्रकल्पावरचा शहराच्या अधिकाऱ्यांचा अहवाल) काढा आणि शेवटी दिलेल्या अटी वाचा. घरं तिथेच मरतात. एक मजला कमी करा, पार्किंग वाढवा, निर्णय पुढच्या महिन्यावर टाका: तिन्ही अटी ऐकायला समंजस वाटतात. पण मजला गेला की घरं घटतात आणि जमिनीचा खर्च उरलेल्यांवर पडतो. महिना गेला की टॅक्स क्रेडिटच्या (अशा घरांसाठी भांडवल उभं करून देणाऱ्या करसवलतीच्या) अर्जाची फेरी चुकू शकते, आणि ते क्रेडिट नसेल तर असे प्रकल्प बहुधा उभे राहत नाहीत.

क्युपर्टिनोच्या कौन्सिलमध्ये पाच सदस्य, म्हणजे तीन मतं लागतात. सनीव्हेल आणि पालो आल्टोत सात, म्हणजे चार. ठाम बाजूच्यांवर वेळ घालवू नका. कुंपणावरच्या सदस्याची पंधरा मिनिटांची भेट मागा, शक्यतो सभेच्या आदल्या आठवड्यात.

पत्र एका पानाचं. विषयाच्या ओळीत अजेंड्यावरचा क्रमांक, पहिल्या वाक्यात मागणी: ‘अमुक प्रकल्पाला, सहाही मजल्यांसह, आजच मंजुरी द्या.’ नुसतं ‘परवडणाऱ्या घरांना पाठिंबा’ लिहू नका. ते विरोधकही लिहितात, पुढे ‘पण इथे नको’ जोडून. एकाच मजकुराची पन्नास पत्रं एका पत्राएवढीच मोजली जातात.

बोलायला दोन-तीन मिनिटं मिळतात, गर्दी झाली की एकच. इंग्रजीत २५० शब्दांचं आणि १२० शब्दांचं, अशी दोन भाषणं तयार ठेवा. आपला विषय रात्री दहानंतरही येतो, तेव्हा सहा-सात जण पाळीने बसतील अशी सोय करा. मुलं लहान असलेल्यांची नावं आधी द्या. ऑनलाइन बोलता येतं का, ते अजेंड्याच्या सुरुवातीला दिलेलं असतं.

विरोधाचे मुद्दे ठरलेले असतात. ‘परिसराचं रूप बिघडेल’ हे कारण कायद्यात टिकत नाही: प्रकल्प उंची, मागेपुढे सोडायची जागा अशा मोजता येणाऱ्या नियमांत बसत असेल, तर आरोग्य किंवा सुरक्षिततेला ठोस धोका दाखवल्याशिवाय शहराला तो नाकारता येत नाही. अशा प्रकल्पावर पाचपेक्षा जास्त सुनावण्याही घेता येत नाहीत. शाळा भरून वाहतील या भीतीवर क्युपर्टिनोतच उत्तर आहे. पटसंख्या घटल्यामुळे तिथल्या प्राथमिक शाळांच्या डिस्ट्रिक्टने २०२२ मध्ये रेगनार्ट आणि मायरहोल्झ या दोन शाळा बंद केल्या. ट्रॅफिकचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेऊ नका. बसचा मार्ग आणि चालत किती अंतर ते सांगा.

आपल्या मंडळींचा नेहमीचा प्रश्न: एच-१बी व्हिसावर असताना बोलता येतं का? येतं. सभेत नागरिकत्व विचारत नाहीत, पत्रही पाठवता येतं. पण उमेदवाराला किंवा मतपत्रिकेवरच्या प्रस्तावाच्या मोहिमेला एक डॉलरही देऊ नका, परदेशी नागरिकांना ते बेकायदेशीर आहे. ग्रीन कार्डवाल्यांना देणगी चालते, मतदान नाही. आणि बोलताना स्वतःच्या घराच्या किमतीवर घसरू नका, समोरच्या सदस्यांना नेमकं तेच ऐकू येतं.

मंजुरीनंतरही फाइल मिटवू नका. दर वर्षी १ एप्रिलपर्यंत शहराला राज्याकडे प्रगतीचा अहवाल द्यावा लागतो. त्यात मंजूर झालेली घरं आणि बिल्डिंग परमिट मिळालेली घरं वेगवेगळ्या रकान्यांत असतात. उद्दिष्टाशी ताडून पाहायचा तो परमिटचा आकडा, आणि तोही अतिअल्प गटापासून.