अल्सरेटिव्ह कोलायटिस: पुढचं औषध की ऑपरेशन, हे ठरवताना

ऐरोलीहून बेलापूरला मी पनवेल लोकलने जाते. लोकलमध्ये संडास नसतो. त्यामुळे कोणत्या स्टेशनवर उतरून धावता येईल हे मला कुणी सांगायची गरज नाही, ते पाठ आहे. अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला आतून येणारी सूज आणि जखमा, या आजाराला नऊ वर्षं झाली. साधी मेसालामिन, एनिमा, स्टिरॉइड, अझाथायोप्रिन, इन्फ्लिक्सिमॅब असं एकेक औषध करत आता टोफासिटिनिब चालू आहे. 'हे औषध चालेना, आता पुढे काय?' या वळणावर जे उभे आहेत त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी एक वही करा. रोज किती वेळा जावं लागलं, त्यातलं रात्री किती वेळा, रक्त होतं का, कळ आल्यावर किती वेळ धरता आलं. मी 'ऐरोली ते रबाळे धरवलं' असंसुद्धा लिहिते. डॉक्टर 'कसं वाटतंय?' विचारतात आणि आपण 'बरंय' म्हणून मोकळे होतो. मी आठ महिने बरंय म्हणत राहिले आणि दर वेळी त्रास वाढला की जुन्या चिठ्ठीवरची प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइडची गोळी आणून घेत राहिले. ती माझी मोठी चूक. स्टिरॉइड आग विझवायला असतं, घर चालवायला नाही. डोस आठवड्याआठवड्याने उतरवतात, अचानक बंद करत नाहीत, सोबत कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व देतात. उतरवला की त्रास उसळतो, असं दोनदा झालं तर पुढच्या औषधाची वेळ झाली असं समजा. रात्री झोपेतून उठवणारी कळ लपवू नका. ती सुजेची खूण आहे. कॅलप्रोटेक्टिनची शौचाची तपासणी याच सुजेचा आकडा देते, दर वेळी कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने आतडं बघणं, लागत नाही.

वहीच्या पहिल्या पानावर मी लाल पेनाने लिहिलंय: दिवसात सहा किंवा जास्त वेळा रक्ताचा संडास, आणि सोबत ताप, किंवा नाडी नव्वदच्या वर, किंवा हिमोग्लोबिन साडेदहाच्या खाली, की त्याच दिवशी अ‍ॅडमिट. माझ्यावर ती वेळ आली तेव्हा घरी बेलाचा मुरंबा आणि कुटजारिष्ट चालू होतं. सासूबाईंनी मायेने दिलं, त्यांना दोष नाही; दिवस मात्र तीन गेले. इस्पितळात शिरेतून स्टिरॉइड देतात, आणि साधारण तिघांत एकाला त्याचा पुरेसा उपयोग होत नाही. म्हणून तिसऱ्या दिवशी पुढचा निर्णय होतो. त्या दिवशी 'अजून थोडं बघूया' हे तुम्ही म्हणू नका, डॉक्टरांना 'आता पुढचा बेत काय?' विचारा. रक्त पडत असताना पोटात हेपॅरिनचं, म्हणजे रक्त गोठू न देणारं, इंजेक्शन का, म्हणून माझा नवरा तिथे भांडला होता. सुजेत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, म्हणून ते देतात. आणि अंगदुखीला आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक स्वतःहून घेऊ नका.

आता मुख्य तोलणं. इन्फ्लिक्सिमॅब सलाइनमधून देतात: सुरुवातीला, दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात, मग दर आठ आठवड्यांनी. आधी छातीचा एक्स-रे, टीबीची आणि हिपॅटायटिस बीची तपासणी. आपल्याकडे शरीरात झोपलेला टीबी कित्येकांना असतो आणि हे औषध त्याला जागं करू शकतं, म्हणून ही पायरी कधीच गाळू देऊ नका. मला दोन वर्षं लागू पडलं, मग उतरलं. तेव्हा लगेच औषध बदलण्याआधी त्याची रक्तातली पातळी आणि शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं तपासायला सांगा. पातळी कमी आणि प्रतिपिंडं नसतील तर डोस वाढवून किंवा अंतर कमी करून काम भागतं. माझ्यात प्रतिपिंडं होती, म्हणून औषधच बदलावं लागलं. व्हेडोलिझुमॅब मुख्यतः आतड्यावरच काम करतं, जंतुसंसर्गाची भीती कमी, पण हळू चढतं, आणि मला घाई होती. टोफासिटिनिबची गोळी लवकर काम करते, जेनेरिकमुळे आपल्याकडे खर्चही आवाक्यात येतो. मात्र नागीण, गुठळ्या, कोलेस्टेरॉल यांवर लक्ष ठेवावं लागतं आणि गरोदरपणात ती चालत नाही. धूम्रपान असेल, हृदयाचा त्रास असेल, वय जास्त असेल तर तोल वेगळा पडतो. माझी दोन मुलं झालेली आहेत म्हणून मला हे सोपं गेलं. सव्वीस वर्षांच्या मुलीने माझी नक्कल करू नये.

विम्याच्या कागदात 'मोनोक्लोनल अँटिबॉडी' (इन्फ्लिक्सिमॅब, व्हेडोलिझुमॅब याच प्रकारची) या शब्दापुढे किती मर्यादा आहे ते आधी लेखी विचारून घ्या. गोळी त्या प्रकारात मोडत नाही, तिचं काय तेही विचारा.

आणि सर्जनला भेटा, तब्येत बरी असताना. कोलायटिस मोठ्या आतड्यापुरता असतो, म्हणून ते आतडं काढलं की तो आजार तिथे संपतो. क्रोन्स या आतड्याच्या सुजेच्या दुसऱ्या आजारात तसं नसतं. छोट्या आतड्याची पिशवी आत करून गुदद्वाराला जोडतात, बहुधा दोन किंवा तीन टप्प्यांत. त्यानंतरही दिवसात चार ते आठ वेळा जावं लागतं, पिशवीला सूज येऊ शकते, बायकांना दिवस राहणं अवघड होऊ शकतं. हे सगळं खरं आहे. पण स्टिरॉइड भरपूर चालू असताना, अशक्तपणात, रात्री दोन वाजता केलेलं ऑपरेशन जास्त धोक्याचं असतं. मी गोळीसाठी मुदत ठरवून घेतली: सोळा आठवडे. तोवर वहीतले रात्रीचे आकडे शून्यावर आले नाहीत तर ऑपरेशनची तारीख.

ऑपरेशनमध्ये शौचासाठी पोटावर आतड्याचं तोंड काढतात, त्याला स्टोमा म्हणतात; त्यावर बाहेरून पिशवी लावतात. सर्जनकडच्या स्टोमा नर्सने मला परकर घेऊन यायला सांगितलं होतं. बसून, वाकून, पायरी चढून परकराची नाडी कुठे येते ते तिने पाहिलं आणि उजव्या बाजूला, नाडीच्या खाली, पेनाने गोल काढला. बाहेरची पिशवी तिथे असली तर निऱ्या नीट बसतात म्हणाली. घरी येऊन मी बेंबीपासून त्या गोलापर्यंतचं अंतर बोटांनी मोजलं, वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं, आणि मग आंघोळीला गेले.