१७ सप्टेंबरच्या स्मरणिकेत सेनाधिकाऱ्याची कारकीर्द कशी मांडावी

सप्टेंबर जवळ आला की शाळा, ग्रामपंचायती मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या स्मरणिकेला लागतात. त्यात हैदराबादवर चाल करून गेलेल्या भारतीय फौजेचे सेनाधिकारी जनरल जयंतो नाथ चौधरींवर एक पान हमखास असतं, आणि बहुतेक वेळा ते मागच्या पानाची नक्कल असते. नव्यानं लिहायचं असेल तर मजकुराला हात लावण्याआधी चार रकाने आखा: तारीख, हुद्दा, नेमणूक, ठिकाण.

हुद्दा आणि नेमणूक वेगळ्या ठेवा, कारण सगळा गोंधळ इथेच होतो. मेजर जनरल हा हुद्दा. पहिल्या चिलखती (रणगाड्यांच्या) डिव्हिजनचे प्रमुख ही नेमणूक. चौधरींचा तक्ता ढोबळपणे असा भरेल: १९२८ ला कमिशन, दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेत पाचव्या भारतीय डिव्हिजनच्या स्टाफवर, मग ब्रह्मदेशात सोळाव्या लाइट कॅव्हलरीचं नेतृत्व, मे १९४८ पासून चिलखती डिव्हिजन, सप्टेंबर १९४८ ते डिसेंबर १९४९ हैदराबादचे लष्करी गव्हर्नर, नोव्हेंबर १९६२ ला लष्करप्रमुखपद, त्याच काळात १९६५ चं युद्ध, १९६६ ला निवृत्ती. म्हणजे पोलीस ॲक्शनच्या, सप्टेंबर १९४८ मधल्या हैदराबाद संस्थानावरच्या लष्करी कारवाईच्या, वेळी ते मेजर जनरल होते. ‘जनरल चौधरींचं सैन्य नळदुर्गात शिरलं’ असं लिहिलं तर हुद्दा पुढच्या काळातला चिकटतो.

युद्धकाळात बढती बहुधा कार्यवाहक किंवा तात्पुरती असते. जागा रिकामी झाली की वरचा हुद्दा मिळतो, युद्ध सरलं की माणूस कायम हुद्द्यावर परततो. एकाच वर्षी दोन ठिकाणी दोन हुद्दे सापडले तर दोन्ही बरोबर असू शकतात. कोणता कायम ते नोंदवा, खोडू नका.

खात्री राजपत्रातून करा. १९४७ आधीची कमिशनं आणि पदकं ‘लंडन गॅझेट’मध्ये ऑनलाइन फुकट शोधता येतात. नंतरच्या नेमणुका भारताच्या राजपत्रात, भाग १, विभाग ४ मध्ये. तिथे अधिसूचनेची तारीख आणि ‘अमुक तारखेपासून’ ही तारीख वेगळी असते, कधी कित्येक महिन्यांचं अंतर. तक्त्यात दुसरी घ्यायची.

आता श्रेय. १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे सोलापूरकडून फौजा निघाल्या आणि बोरी नदीवरचा नळदुर्गचा पूल पहिल्याच दिवशी हाती आला. हे प्रत्यक्ष काम पायदळाच्या पलटणीचं, शीख रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनचं. औरंगाबादकडची चाल वेगळी, मेजर जनरल डी. एस. ब्रार यांच्याकडची. चौधरींच्याही वर दक्षिण कमांडचे लेफ्टनंट जनरल राजेंद्रसिंहजी होते. प्रत्येक ओळीत ‘कोणाच्या हुकमानं’ आणि ‘कोणी केलं’ असे दोन प्रश्न विचारले की एकाच माणसाच्या डोक्यावर पाच जिल्ह्यांची मोहीम बसत नाही.

गावांची नावं जुन्या नोंदीतली पाहा. अंबाजोगाई ‘मोमिनाबाद’ म्हणून सापडेल. नव्या नावानं शोधणारा रिकाम्या हाती परततो, आणि आपल्या तालुक्यात काही घडलंच नाही असा समज होतो.

तारखांत १७ आणि १८ मिसळू नका. निजामानं युद्धबंदी १७ सप्टेंबरला जाहीर केली. निजामाच्या सैन्याचे प्रमुख जनरल एल इद्रूस यांनी चौधरींपुढे शरणागती पत्करली ती १८ ला.

गव्हर्नरपदाचा काळ एका ओळीत उरकण्याची सवय आहे. तो खरं तर सर्वात अवघड भाग. कारवाईनंतरच्या हिंसेची पाहणी करणाऱ्या सुंदरलाल समितीनं सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड घेतले होते. तो अहवाल कित्येक दशकं बाहेर आला नव्हता. कारकीर्द मांडताना तो वगळला तर पान गौरवाचं होईल, पण इतिहासाचं नाही.

म्हाताऱ्या माणसांना तारीख विचारू नका, ती हमखास चुकते. ‘मिल्ट्री कुठल्या वाटेनं आली, गाड्यांतून की पायी, रझाकार कधी पळाले’ असं विचारा, आणि उत्तर तक्त्याच्या पाचव्या, वेगळ्या रकान्यात लिहा.