विहिरीची पातळी गावकऱ्यांकडून मोजून घेताना

सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यात, माण, आटपाडी, जतकडं, एका शिवारात पाऊस पडतो आणि ओढ्यापलीकडं धूळ उडत असते. केंद्रीय भूजल मंडळ आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजतं. मधल्या काळात पाणी कधी खाली गेलं, हे रोज विहिरीवर जाणाऱ्यालाच दिसतं. म्हणून मोजायला गावातली माणसं हवीत. पण ती फुकटचे गडी नव्हेत.

आधी मालकाला विचारा. विहीर सामाईक असेल तर सगळ्या हिस्सेदारांना. आकडे कोण बघणार, कुठं छापणार ते सांगा. ‘नको’ म्हणाले तर पुढची विहीर. बाहेर देताना गट नंबर काढून वाडीचं नाव तेवढं ठेवा. उन्हाळ्यात कुणाची विहीर टिकते हे कळलं, की शेजारच्या बांधावर बोअरची गाडी उभी राहायला वेळ लागत नाही.

मोजणी आठवड्याला एकदा, ठरल्या वारी. कठड्यावर ऑइलपेंटची खूण करा आणि पोलादी टेप तिथूनच सोडा. टोकाला वजन बांधा, खालच्या मीटरभर भागाला खडू फासा. खुणेशी टेपवर 12.00 मीटर, भिजलेला खडू 0.40, जमिनीपासून खुणेपर्यंत कठड्याची उंची 0.75: तिन्ही आकडे वहीत लिहा, मग वजाबाकी. जमिनीपासून पाणी 10.85 मीटरवर. नुसतं उत्तर लिहिलं तर चूक कुठं झाली ते सापडत नाही.

सगळ्यात जास्त फसवते ती मोटर. शेतीची लाईट रात्रपाळीची असेल तर पहाटेपर्यंत उपसा चालतो आणि सकाळी पाणी खऱ्या पातळीपेक्षा खोल दिसतं. नोंदीशेजारी ‘मोटर कधी बंद केली’ हा रकाना हवाच.

सोबत पाऊसही मोजा, सकाळी साडेआठला. मापकाचं तोंड 200 चौरस सेंटिमीटरचं असेल तर 20 मिली म्हणजे 1 मिलिमीटर; मोजपात्र फुटलं तर मेडिकलमधली 20 मिलीची सिरिंज चालते. पाऊस नसेल तर शून्य, बघितलंच नसेल तर रेघ. दोन दिवसांचं पाणी साठलं तर निम्मं-निम्मं वाटू नका, ‘दोन दिवसांचं’ असंच लिहा.

मानधन महिन्याचं ठरवा. नोंदीमागे पैसे दिले की आकडे घरबसल्या तयार होतात. 10.00, 10.50, 11.00 असे गुळगुळीत आकडे येऊ लागले तर दमात घेऊ नका. सोबत जाऊन एकदा मोजा. बहुधा टेपच तुटलेला असतो.

अहवालात नाव हवं की नको, हे मोजणाऱ्यालाच विचारा. आणि आलेख शाळू पेरायच्या आधी चावडीवर लावा, त्यानंतर त्याचा गावाला उपयोग नाही.