सांधेदार स्ट्रीमर: बांधायचा कसा, ट्राउटपुढे खेळवायचा कसा

ट्राउट मासा किडे टिपतो हे खरं, पण अंगाने भरलेला ब्राउन ट्राउट छोट्या माशांवरही तुटून पडतो, प्रसंगी आपल्याच जातीच्या पिल्लांवर. अशा माशासाठी स्ट्रीमर, म्हणजे छोट्या माशाची नक्कल करणारा फ्लाय (गळावर पिसं, दोरा बांधून केलेलं आमिष). तो चार-पाच इंचांचा हवा, आणि तेवढा एकाच लांब गळावर बांधला की काठीसारखा ताठ राहतो. शिवाय लांब दांडीची तरफ होते आणि मासा ती वापरून गळ झटकून टाकतो. म्हणून दोन आखूड गळ तारेने जोडायचे.

मागे ६ नंबरचा गळ, पुढे ४ नंबरचा (नंबर वाढला की गळ लहान). दोन्हींच्या टोकामागचे उलटे काटे पकडीने दाबून घ्या. सोबत दागिन्यांचे मणी ओवायची पोलादी तार, दोन मणी, मारबू (भुरभुरीत मऊ पीस), कोंबड्याची लांब मऊ पिसं, चमकदार शेनिल (लवदार जाड दोरा), डंबेल डोळे (डंबेलच्या आकाराचे धातूचे वजनदार डोळे) आणि न तुटणारा दोरा.

आधी मागचा भाग. गळ व्हाइसमध्ये (गळ घट्ट धरून ठेवणारा चिमटा) पकडून दांडीवर दोरा गुंडाळा. वळणापाशी मारबूची शेपटी बांधा, दांडीच्या दीडपट लांब. मग शेनिल आणि त्यावरून पीस नेढ्याकडे गुंडाळत या. प्रत्येक वेढ्याला तंतू मागे सारायचे. गाठ मारून गळ बाजूला ठेवा. पिसांचा मोह आवरा. गच्च भरलेला स्ट्रीमर भिजला की फेकताना हात दुखवतो आणि पाण्यात उतरतही नाही.

आता सांधा, खरं काम इथेच आहे. पुढचा गळ व्हाइसमध्ये लावून दांडीवर दोऱ्याचा थर द्या. तारेत मागच्या गळाचं नेढं ओवा, तारेची दोन्ही टोकं मण्यांतून काढा आणि दांडीवर ठेवून घट्ट आवळा. टोकं पुढे नेऊन मागे दुमडा, पुन्हा बांधा, वर सुपरग्लूचा थेंब. माझ्या पहिल्या स्ट्रीमरात मी तार दुमडलीच नव्हती. मासा मागचा गळ घेऊन गेला! आता प्रत्येक सांधा पकडीने ओढून बघतो. तारेचा फासा मण्यांच्या पलीकडे जेमतेम उरला पाहिजे, नेढं मोकळं फिरेल एवढाच. जास्त ठेवला तर फेकताना मागचा भाग पुढच्या गळात अडकतो.

तार बसली की डोळे इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वेढे देऊन बांधा. दांडीच्या वर बांधले तर स्ट्रीमर उलटा होतो आणि गळाचं टोक वर राहतं. तळाच्या दगडांत अडकणं कमी होतं. पुढच्या भागाला तीच पिसं, तेच शेनिल. मारबू सांध्यावर झाकण घालेल असा. डोक्याला हरणाचे केस फिरवून कातरले तर ते पाणी ढकलतं, पण सुरुवातीला नुसत्या लोकरीनेही भागतं. जिथे एकाच गळाची परवानगी आहे, तिथे पुढच्या गळाचं वळण कापून टाका, चष्मा लावून.

पाण्यावर ७ किंवा ८ वजनाचा रॉड (हा आकडा रॉडला चालणाऱ्या लाइनच्या वजनाचा वर्ग सांगतो) आणि टोक बुडणारी लाइन घ्या. लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लाय यांमधला बारीक दोरा, तीन-चार फुटांचाच, कारण लांब लीडरने स्ट्रीमर वर तरंगत येतो. गाठ फाशाची मारा, म्हणजे डोकं मोकळं हलतं. ढगाळ दिवस, पहाट, पावसानंतर किंचित गढुळलेलं पाणी, या वेळा सोडू नका.

काठाला अगदी खेटून, पोखरलेल्या कडेखाली किंवा पडलेल्या ओंडक्याशी फेका. रॉडचं टोक पाण्याजवळ ठेवून हाताने लाइनला दोन आखूड हिसके द्या, मग थांबा. पुढचा भाग थबकतो, मागचा सरकत येऊन बाजूला वळतो, जखमी माशासारखा. बहुतेक वेळा झडप त्याच क्षणी पडते. तेव्हा रॉड वर उचलू नका, लाइनच जोरात ओढा. रॉड उचलला तर स्ट्रीमर तोंडातून निसटतो. मासा मागे येऊन परत फिरला तर वेग बदला, मग रंग.

प्रत्येक माशानंतर सांध्यावरून बोट फिरवा. तारेचा एखादा पदर तुटलेला लागला तर तो स्ट्रीमर पुन्हा पाण्यात टाकू नका. ब्लेडने दोरा कापून गळ सोडवा आणि नव्या तारेवर बांधा.