दांडगट नायक लिहिताय? मग या चुका टाळा

माझ्याकडे तपासायला येणाऱ्या प्रेमकथांमध्ये सगळ्यात जास्त झिजलेला अवयव म्हणजे नायिकेचं मनगट. दुसऱ्या भागात नायक ते धरतो, चौथ्यात पिरगाळतो, सातव्यात त्याच मनगटावर हिऱ्याचं ब्रेसलेट चढवतो आणि लेखिका मला विचारते, "मॅडम, केमिस्ट्री जमलीये ना?" नाही जमली. मनगट दुखतंय तिचं.

गैरसमज नको म्हणून आधीच सांगते, मला असले नायक आवडतात. हेकट, मग्रूर, दारातून आत आला की खोलीतली कुजबुज थांबवणारे. कॉलेजात असताना रद्दीवाल्याकडून मिल्स अँड बूनच्या इंग्रजी प्रेमकथा आणून गणिताच्या वहीत लपवून वाचलेली बाई आहे मी. त्यामुळे "असले पुरुष लिहूच नका" म्हणणाऱ्यांच्या पंगतीत मला बसवू नका. लिहा, खुशाल लिहा. फक्त तो वाचकाला का आवडतो हे न कळता लिहिलंत, की जे होतं ते मी गेली कित्येक वर्षं लाल पेनाने खोडते आहे.

दांडगाईलाच आकर्षण समजणं

ही सगळ्या चुकांची आई. नायक ओरडतो, वस्तू फेकतो, ड्रायव्हरवर खेकसतो आणि लेखिकेला वाटतं, वाचक पाघळला.

या नायकाचे दोन आजोबा आहेत. एक जेन ऑस्टेनच्या १८१३ सालच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधला डार्सी, दुसरा शार्लट ब्राँटीच्या १८४७ सालच्या 'जेन एअर'मधला रॉचेस्टर. दोघेही श्रीमंत, घमेंडखोर, समोरच्याला तोलून बोलणारे. पण दोघांचं पुढे काय होतं बघा. डार्सी पहिल्यांदा लग्नाचं विचारतो ते उपकार केल्यासारखं, आणि नायिका एलिझाबेथ त्याला तोंडावर नाही म्हणते. रॉचेस्टर पहिली बायको लपवून जेनशी लग्न लावायला निघतो. भांडं फुटल्यावर ती रातोरात घर सोडून जाते. परत येते तेव्हा तिच्याकडे काकाच्या वारशाचे स्वतःचे पैसे असतात, आणि तो आगीत डोळे आणि एक हात गमावून बसलेला असतो. लेखिकांनी नायकाला उंच चढवला तो खाली उतरवण्यासाठी. वाचकाला बघायचं असतं ते हे उतरणं. जगाला न वाकणारा हा माणूस एका बाईपुढे कसा गडबडतो, त्याला शब्द कसे सापडत नाहीत, तिथे पान दुमडलं जातं.

मधल्या काळात हे विसरलेही लोक. १९१९ च्या 'द शेख' या कादंबरीत वाळवंटातला शेख नायिकेला पळवून नेऊन तिच्यावर जबरदस्ती करतो आणि तरी नायक ठरतो. दोन वर्षांत त्यावर सिनेमा येऊन त्यातला नट व्हॅलेंटिनो याचा गाजावाजाही झाला. १९७२ मध्ये अमेरिकेत ऐतिहासिक प्रेमकथांची जी लाट आली, तिच्या सुरुवातीच्या गाजलेल्या पुस्तकातही नायकाची नायिकेशी ओळख बलात्कारानेच होते. खपली ती पुस्तकं, खोटं कशाला बोलू? पण १९८४ साली जॅनिस रॅडवे या अभ्यासिकेने अमेरिकेतल्या एका गावातल्या, अशा कथा ढिगाने वाचणाऱ्या बायकांशी बोलून जे पुस्तक लिहिलं, त्यात त्या बायका काय म्हणतात? नायक ताकदीचा हवा, पण आतून मऊ हवा. मारझोड आणि बलात्कार नको. काही जणी तर पुस्तक घेण्याआधी शेवट वाचून बघायच्या.

शेवट आधी बघणाऱ्या त्या बायका मला फार शहाण्या वाटतात. भीतीचा खेळ खेळायचा, पण दोरी आपल्या हातात ठेवून. घरातल्या तापट माणसाला मिटून उशाशी ठेवता येत नाही, पुस्तकातल्याला येतं. तुमच्या वाचकाला ही खात्री पहिल्या दोन-तीन भागांतच द्यावी लागते. माझी सवय सांगते: नायिका आसपास नसताना नायक कसा वागतो असा एक प्रसंग मी लिहूनच मागते. डार्सीच्या पेम्बर्ली या हवेलीतली घरकामाची जुनी बाई त्याच्याबद्दल चार बरे शब्द बोलते आणि एलिझाबेथचं मन तिथे डळमळतं. तुमच्या नायकाबद्दल त्याचा वॉचमन काय सांगेल? काहीच सुचत नसेल, तर तो नायक नाही, नुसताच उद्धट आहे.

नायिकेच्या 'नाही'ला लाजणं समजणं

यावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण यानेच मला सगळ्यात जास्त छळलंय.

सोलापूरकडची एक मुलगी, वय तेवीस, मोबाईलवर रोज एक भाग टाकायची. हात चांगला, संवाद चुरचुरीत. नायक चादरीच्या कारखान्याचा मालक, नायिका त्याच्या ऑफिसात हिशेब बघणारी आणि रात्री राज्यसेवेचा अभ्यास करणारी. नायक तिला उचलून जीपमध्ये घालतो, तिच्या फोनमधून कुणाचेतरी नंबर उडवतो, "मी सांगेन तेच" म्हणतो. वाचक खूश. "पुढचा भाग कधी?" याच्या माळा. मी प्रत्येक वेळी लिहून कळवायची, बाई गं, ती तिसऱ्यांदा नाही म्हणतेय, त्याने एकदा तरी ऐकलेलं दाखव. उत्तर ठरलेलं: "मॅडम, वाचकांना तेच आवडतंय."

चौतिसाव्या भागात पूर्वपरीक्षेच्या दिवशी नायिकेला ताप असतो. नायक म्हणतो, "या अवस्थेत तू कुठेही जाणार नाहीस," आणि बाहेरून कडी लावतो. तिच्या भल्यासाठी. ती दार वाजवत राहते, पेपर सुरू होतो, भाग संपतो.

त्या रात्री कमेंटी पालटल्या. काल हृदयाच्या खुणा टाकणाऱ्या बायका आज त्याला राक्षस म्हणत होत्या. एकीने फक्त स्वतःच्या परीक्षेचं वर्ष लिहिलं होतं आणि पुढे पूर्णविराम. मुलीचा मला फोन, रडत: "उचललेलं चाललं, ओरडलेलं चाललं, मग कडीच कशी नाही चालली?"

कारण जीप स्वप्नातली होती आणि कडी घरातली. वाचणाऱ्यांतल्या कितीतरी जणी स्वतः अभ्यासिकेत बसून, मेसचा डबा खाऊन वर्षं मोजत होत्या. कुणाच्या सासूने, कुणाच्या भावाने "तुझ्या भल्यासाठी" अशीच कुठली तरी कडी लावली होती. दांडगट नायकाला वाचक पुष्कळ मोकळीक देते, पण तिच्या खऱ्या आयुष्यातली एखादी वस्तू त्याने हिसकावली की संपलं. परीक्षा, पगार, माहेर, मैत्रीण. आणि ती रेघ कुठे आहे हे नायिकेच्या पहिल्या 'नाही'पासून कळत असतं, जर लेखिका ते ऐकत असेल तर.

माझा उपाय शास्त्रशुद्ध वगैरे नाही. मी संपूर्ण कथेतली नायिकेची वाक्यं तेवढी मोठ्याने वाचते. "सोडा मला", "नको", "असं का वागताय?" एवढंच ऐकू आलं तर कथा परत. तिला काहीतरी हवं असलं पाहिजे आणि ते कधीमधी मिळालंही पाहिजे. दुसरी खोड अशी, की नायकाच्या जागी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना उभं करायचं. पंचावन्न वर्षं, टक्कल, हातात पाण्याच्या टाकीचं रजिस्टर. यांनी हेच केलं तर पोलीस बोलावाल का? बोलावणार असाल, तर तुमचा प्रसंग नायकाच्या रुंद खांद्यांवर तोलून धरलाय, दुसरं काही नाही.

बारीकसारीक

बालपणीचं दुःख म्हणजे वागण्याचा परवाना नव्हे. आई लहानपणी गेली म्हणून कुणी रिसेप्शनिस्टवर फाईल फेकत नाही.

कंपनीचा मालक असेल तर कंपनी काय बनवते ते लिहा. दिवसभर नायिकेच्या मागे फिरून कुणी कोट्यधीश होत नाही.

ती नको म्हणत असताना तिचा पाठलाग करत राहणं, हे आपल्याकडे २०१३ पासून कायद्याने गुन्हा आहे. आता भारतीय न्याय संहितेत कलम ७८. त्याला 'वेडं प्रेम' म्हणून विकू नका.

जबडा एका भागात एकदाच आवळा.

दोघांच्याही मनात शिरणं, पण रिकाम्या हाताने

जुन्या मिल्स अँड बूनमध्ये गोष्ट बहुतेक वेळा तिच्याच नजरेतून यायची. तो का चिडला, का निघून गेला, हे आपल्याला कळायचंच नाही. ती आणि आपण मिळून तर्क करायचो. त्याचा तिरसटपणा खपायचा तो याच अंधारात, कारण त्याच्या गप्प बसण्यात आपण आपल्याला हवं ते भरत होतो. आता तुम्ही एक भाग तिचा, एक भाग त्याचा असं लिहिता. हरकत नाही. पण दिवा लावून आत गेलं आणि तिथे "ती माझी आहे, फक्त माझी" एवढंच लिहिलेलं सापडलं, तर मग अंधारच बरा होता.

'तू'ची उधळपट्टी

या बाबतीत माझा जीव तीळ तीळ तुटतो. मराठीने आपल्याला 'तुम्ही' आणि 'तू' दिलंय. इंग्रजीवाले बिचारे एकाच 'यू'वर संसार करतात. आणि आपली मंडळी पहिल्याच पानावर, मुलाखतीला आलेल्या परक्या मुलीला नायकाच्या तोंडून "ए तू, इकडे ये" म्हणवतात. संपलं की! पुढे जवळीक दाखवायला हातात उरलं काय?

माझ्या हाताखालच्या एकीने नायकाला तब्बल तीस भाग 'तुम्ही'वर ठेवलं. थंड, कोरडं, कापणारं 'तुम्ही'. एकतिसाव्या भागात सिन्नरच्या एसटी स्टँडवर दिवे जातात, बस रद्द होते, हिचे पाय भरून आलेले, आणि तो म्हणतो, "तू बस. मी बघतो." त्या भागाखाली त्या एका अक्षराशिवाय कुणी काही बोलतच नव्हतं.

आणि "तू फक्त माझी आहेस" हे वाक्य कुठल्या मराठी पुरुषाने गांभीर्याने उच्चारलंय ते मला दाखवाच. हिंदी मालिकेतून उचललेला माल आहे तो. आपला हुकूमशहा वेगळा बोलतो. "जेवलीस?" "एवढ्या रात्री एकटी?" "चप्पल घाल, सोडतो." त्यात हुकूम आहे, काळजीही आहे, आणि "नको, मी जाईन" म्हणायला फटही आहे. ती फट ठेवा. तिने एकदा खरंच एकटी जावं आणि त्याने दात-ओठ खात का होईना, फाटकाशीच थांबावं.

स्वस्तातली माफी

नवख्यांना घाई असते. बत्तीस भाग अरेरावी आणि शेवटच्या अर्ध्या पानात "मला माफ कर, मी चुकलो", लगेच मिठी, लगेच सनई. हिशेब जुळत नाही. वाचकाला नायकाने नाक घासलेलं हवं असतं, आणि तेही पैशाने नाही, कारण पैसा त्याच्याकडे आहेच. त्याला जे महाग पडतं, ते द्यायला लागलं पाहिजे. डार्सीला महाग काय? प्रतिष्ठा. तर ज्या विकहॅमचा त्याला तिटकारा, तोच एलिझाबेथच्या बहिणीला घेऊन पळून गेल्यावर त्याची कर्जं फेडून तो त्या दोघांचं लग्न लावून देतो आणि वर कुणाला सांगू नका म्हणतो. तिला कळतं ते बहिणीच्या तोंडून चुकून निसटल्यावर आणि मग मामीच्या पत्रातून.

सोलापूरच्या त्या मुलीने पस्तिसाव्या भागात नायकाकडून सोन्याच्या बांगड्या आणवल्या. कमेंटी आणखी पेटल्या. मग मात्र ती ऐकायला तयार झाली. मी म्हटलं, परीक्षा पुन्हा वर्षाने येते, तर तुझी गोष्टही वर्षभर थांबेल. नायिकेला पुण्याला पाठव, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहू दे. नायक सहा भाग दिसायचा नाही. "मॅडम, वाचक पळतील!" पळाले थोडे. मी तर म्हणते, बरं झालं. रोज नवा भाग पाहिजे म्हणून गोष्टीचा गळा दाबणाऱ्या वाचकांसाठी किती लिहायचं?

अडलं पुढे. परत आणायचा तर कसा? तिला हेलिकॉप्टर सुचलं होतं, देवाशपथ. मी विचारलं, परीक्षा बुडल्याचं घरी काय सांगितलंय नायिकेने? तिने जरा विचार करून म्हटलं, काहीच नाही, घरचे तिलाच आळशी म्हणतात. मी म्हटलं, मग तुझा प्रसंग तिथेच पडलाय, उचल.

बेचाळिसाव्या भागात तो नायिकेच्या वडिलांच्या किराणा दुकानात जातो, एकटा. गिऱ्हाइकं असतानाच सांगतो, की कडी मी लावली होती, तिची चूक नव्हती. वडील काही बोलत नाहीत. समोरच्या बाईची अर्धा किलो साखर तोलतात, पुडा बांधतात, सुटे पैसे देतात. तो उभाच. दुसरं गिऱ्हाईक येतं, तेल घेतं, जातं. तो उभाच. भाग तिथेच संपवला तिने, मला न विचारता.

सकाळी मी कमेंटी उघडल्या. आठ भागांपूर्वी त्याला राक्षस म्हणणाऱ्या बाईने लिहिलं होतं, "अहो, आता तरी त्याला बसायला स्टूल द्या कुणीतरी."